सह-ज्ञान आणि साक्ष

लॅटिन ‘कॉन्सिएन्शिया’ म्हणजे सह-ज्ञान, कृत्याला साक्षी असणारे ज्ञान. त्यातून आलेला फ्रेंच ‘काँसियाँस’ आजही जाणीव आणि सदसद्विवेक हे दोन्ही अर्थ वाहतो. इंग्रजीत मात्र सतराव्या शतकात ‘कॉन्शसनेस’ निराळा पडला. म्हणूनच लॉकच्या मानवी आकलनाविषयीच्या निबंधाचा फ्रेंच अनुवाद करताना (१७००) पिएर कोस्त याला ‘काँ-सियाँस’ असे संयोगचिन्ह घालावे लागले. स्वतःच्या मनोव्यापारांचे भान निवाड्याविना असू शकते, हे लॉकचे गृहीतक फ्रेंचला सहज पेलणारे नव्हते. पण खुद्द लॉकने तरी ते कुठे पाळले? १६९४ च्या आवृत्तीत ‘व्यक्ती’ ही त्याच्या मते न्यायव्यवहाराची संज्ञा ठरते. ज्या कृत्याचे भान मला आहे, त्याचाच दोष माझा. मराठीत ‘कॉन्शसनेस’साठी आपण ‘जाणीव’ योजतो खरे. परंतु ‘कर्तव्याची जाणीव’ म्हणताच तीत साक्ष परतते.