कुंपण कोणासाठी?

शाळांच्या, जुन्या बंगल्यांच्या आणि उपासनामंदिरांच्या आवारांना कोयनेलचे कुंपण आपण पुष्कळ ठिकाणी पाहतो. या झुडपाला वनजाई असेही म्हणतात. पाने इतकी कडू की इंग्रजांनी त्याचे नाव 'बागेतले क्विनाइन' असे ठेवले. शेळी त्याला सहसा तोंड लावीत नाही, म्हणूनच माणसाने त्याला राखणदार नेमले. परंतु त्याचे मूळ घर समुद्रकिनारी आहे. कोकण-गोव्यातील खाड्यांच्या काठी, खारफुटीच्या कडेला, ते कोणी न लावता वाढते. त्याचे फळ पाण्यावर तरंगते आणि भरती-ओहोटीबरोबर नव्या काठाला लागते.

खाडीकाठी ही वनजाई जशी फुलते तशी आपल्या कुंपणात क्वचितच फुलते. याचे कारण आपल्या हातातील कात्री. फुले फांद्यांच्या शेंड्यांकडे येतात. दर पंधरवड्यास शेंडे छाटले तर कळी धरावी कधी? झुडूप मोकळे सोडले तर बहुधा तीन-तीनच्या झुपक्यांनी पांढरी फुले येतात. फुलाची नळी लांब, मध तिच्या तळाशी, आणि जांभळट पुंकेसर बाहेर डोकावलेले. लांब सोंडेची फुलपाखरे व सायंकाळचे पतंग मधासाठी येतात आणि अंगाला लागलेले पराग पुढच्या फुलाला देऊन जातात. दाट फांद्यांत लहान पाखरांना व सरड्यांना आसरा मिळतो.

येथे प्रश्न उभा राहतो तो असा: जे आपण आपल्यासाठी लावले, ते सर्वस्वी आपलेच असते काय?

कोणी म्हणतील, माणसे उपाशी असताना फुलपाखरांची चिंता कशाला? दुसरे म्हणतील, वाढलेल्या झुडपात साप-विंचू येतात आणि आवारात मुले खेळतात. दोन्ही आक्षेप खरे आहेत. ते झटकून टाकणे योग्य नव्हे.

पहिल्याचे उत्तर मोशेच्या नियमशास्त्रात सापडते. लेवीय 19:9 मध्ये शेताच्या कडेचे पीक न कापण्याची आज्ञा आहे, ती गोरगरिबांसाठी. निर्गम 23:11 मध्ये सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवावयाची आहे. तिच्यात जे उगवेल ते गरिबांनी खावे आणि त्यांच्याकडून उरेल ते वनपशूंनी खावे, असा क्रम तेथे आहे. गरीब आधी, पशू नंतर. पण पशू विसरलेले नाहीत. शिवाय कोयनेल फुलू दिल्याने कोणा गरिबाचा घास कमी होत नाही. आपण देतो ती केवळ थोडी टापटीप.

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर शहाणपणात आहे. दाराजवळचा, पायवाटेलगतचा आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेचा भाग छाटलेला व बुडाशी स्वच्छ असावा. मागच्या, उन्हातील भागाला मात्र फुलू द्यावे. सगळे कुंपण एकाच दिवशी छाटू नये, आणि छाटण्यापूर्वी आत घरटे नाही ना, हे पाहावे. नवी लागण करावयाची असल्यास पावसाळ्याच्या आरंभी वीतभर लांबीचे जून फाटे अर्धे मातीत खोचावेत. खारट जमीन आणि मूळ धरल्यावर पाण्याची टंचाई हे झुडूप सहन करते.

आज पुष्कळ आवारांत कोयनेल काढून सिमेंटच्या भिंती उभ्या राहिल्या आहेत. भिंतीची कोठे कोठे गरज असेल, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु भिंत फक्त अडविते. जिवंत कुंपण शेळीला अडविते आणि पतंगाला जेवू घालते. आपल्या मालकीची हद्द दाखविणारी रेषाच दुसऱ्या जिवाचे ताट होऊ शकते, हे मुलांना सांगण्यापेक्षा दाखविणे सोपे आहे. संडेस्कूलच्या शिक्षकांनी एखाद्या सायंकाळी वर्ग फुललेल्या वनजाईपाशी न्यावा आणि मुलांनाच विचारावे, हे कुंपण कोणाचे?

उत्तर देण्याची घाई मात्र करू नये. प्रथम पाहू द्यावे.