त्याला कळलेलंच नसतं

दप्तराच्या तळाशी किंवा कपाटामागे लपवलेली खराब चड्डी सापडली की घरात पहिला प्रश्न येतो, ‘एवढा घोडा झालास, शी लागली ते सांगता येत नाही?’ मूल आठ-नऊ वर्षांचं असतं. ते मान खाली घालतं, किंवा ‘ती माझी नाहीच’ म्हणतं. मग ते खोटारडंही ठरतं. खरं तर त्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर बहुतेक वेळा ‘नाही, सांगता येत नाही’ असंच असतं.

चार वर्षांपुढच्या मुलाची चड्डी वरचेवर खराब होते तेव्हा मुळाशी बहुधा जुनी बद्धकोष्ठता असते. कधीतरी खडा होतो, शी करताना दुखतं, मूल धसका घेतं. पुढच्या वेळी कळ आली की टाचा उंचावून, पाय आवळून ते ती दाबतं. साठलेल्या मळातलं पाणी आतडं शोषत राहतं, खडा वाढतो, मलाशय ताणलं जातं आणि हळूहळू ते भरल्याची जाणीवच बोथट होते. मग वरचा पातळ मळ खड्याच्या कडेने पाझरून चड्डीत उतरतो. मुलाला ते कळत नाही. वासाचीही त्याला सवय झालेली असते. घरच्यांना वाटतं, याला तर जुलाब होतायत! कुणी जुलाब थांबवायची गोळी देतं आणि दुखणं आणखी घट्ट होतं.

यात आपला, मोठ्यांचा वाटा किती असतो! सकाळची शाळा, दारात रिक्षा, दूध-बिस्किटावर निघालेलं मूल. घरी बसायला वेळ नाही, आणि शाळेच्या संडासाला कडी नाही किंवा पाणी नाही. मुलं तासन्‌तास धरून ठेवतात आणि आपण त्यांना शिस्तीची म्हणतो.

यावर उपाय आहे. आधी डॉक्टरांकडून साठलेला मळ मोकळा करून घ्यायचा. मग शी मऊ ठेवणारं औषध काही महिने चालू ठेवायचं, कारण ताणलेलं मलाशय मूळ आकाराला यायला तेवढा वेळ लागतो. चार दिवस चड्डी कोरडी राहिली की घरोघरी औषध मनानेच बंद होतं आणि सगळं पुन्हा सुरू होतं. पालेभाजी, भाकरी, पाणी हवंच, पण या टप्प्यावर तेवढ्याने भागत नाही. जेवणानंतर आतडं आपणहून हलतं, म्हणून नाश्त्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर पाच-दहा मिनिटं बसवायचं. कमोडवर पाय लोंबकळत असतील तर पायाखाली पाट द्यायचा. शाबासकी बसल्याबद्दल द्यायची. शी होणं त्याच्या हातात नसतं. पोट फुगून उलट्या होत असतील, वजन वाढत नसेल, पायांत अशक्तपणा असेल किंवा त्रास अगदी जन्मापासूनचा असेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगावं.

चड्डी धुवायला मुलाने हात लावावा का? लावावा, पण शिक्षा म्हणून नाही. त्याने ती बादलीत भिजवावी, आईने किंवा बाबांनी धुवावी, आणि आत्या-मावशीसमोर त्यातला एक शब्दही निघू नये. दप्तरात एक जादा चड्डी आणि एक पिशवी असावी, आणि वर्गातल्या एका बाईंना गुपचूप सगळं माहीत असावं.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते निराळंच. कागदावर आतड्याचं चित्र काढून मुलाला हे सारं सांगावं. खडा इथे अडकतो, बाजूने असं पाझरतं, आणि तुला कळत नाही ते यामुळे. नऊ वर्षांच्या मुलाला ते नीट समजतं. बहुधा ते लगेच विचारतं, आणखी कुणाला असं होतं का? होतं. तुझ्या शाळेतही असतील, तीही कुणाला सांगत नसतील.