तुमच्यापुरतंच ठेवा हं!

आमच्या रविवारच्या मराठी शाळेचा मुख्याध्यापक मी कसा झालो, हे एका वाक्यात सांगता येईल : भाड्याच्या इमारतीच्या किल्ल्या माझ्याकडे असायच्या. बाकी शिकवण्याशी माझा काडीचा संबंध नाही. मी आय.टी.तला माणूस, प्रोजेक्ट वेळेत संपवायचं एवढंच कळतं. शाळाही तशीच चालवता येईल असं मला वाटलं होतं.

शाळेत तेव्हा सहा शिक्षिका, सगळ्या विनामानधन. त्यांतल्या दोघींचं पटेना. एक बाई महाराष्ट्रात वीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून मुलाकडे इथे आलेल्या. त्यांचं म्हणणं, हाताला आधी वळण लागलं पाहिजे, बाराखडी गिरवलीच पाहिजे. दुसरी ताई तिशीतली, इथे नोकरी करणारी. तिचं म्हणणं, आजीशी फोनवर चार वाक्यं बोलता येत नसतील तर ती बाराखडी काय कामाची? गाणी, गोष्टी, भातुकली यांतून मुलांना आधी बोलतं करा. खरं सांगायचं तर दोघींचंही बरोबर होतं.

एका रात्री ताईचा फोन आला. "बाई माझ्या वर्गात मागे येऊन बसतात, मुलांसमोर माझ्या चुका काढतात. पण हे तुमच्यापुरतंच ठेवा हं." मी ठेवलं. आठवड्याने बाईंचा फोन. "तिच्या वर्गात नुसता गोंधळ असतो हो. कुणाला बोलू नका." तेही ठेवलं. दोघींचा आपल्यावर केवढा विश्वास, या विचाराने मी मनातून सुखावलोही होतो! मग पुढच्या सत्राच्या वेळापत्रकात बाईंना वरच्या मजल्यावरचा मोठ्या मुलांचा वर्ग दिला. त्यांनी कारण विचारलं, तर "सगळ्यांच्या सोयीचं पडेल" म्हणालो.

संक्रांतीच्या पॉटलकला कुणीतरी खरं कारण बाईंच्या कानावर घातलं. त्या भांडल्या नाहीत. निघताना कोट चढवता चढवता एवढंच म्हणाल्या, "मी तिची गाणी उतरवून घ्यायला बसत होते. चुका काढायची खोड आहे मला, मान्य. पण एकदा विचारलं असतंत, तर वही दाखवली असती."

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. नंतरही नाहीत.

एकाचं गाऱ्हाणं गुपचूप ऐकून घेणं ही माया की अन्याय, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला आहे. ऐकताना ती मायाच वाटते. पण ज्याच्याबद्दल ऐकतो तो तिथे नसतो. त्याच्यावरचा आरोप त्याला माहीत नसतो आणि झालेल्या शिक्षेला 'सोय' असं नाव मिळतं.

माझे वडील एका तालुक्याच्या गावी मुख्याध्यापक होते. वर्षाअखेरीला शिक्षकांचे गोपनीय अहवाल भरावे लागत. वडील शेरा लिहिण्याआधी त्या शिक्षकाला बोलावून तो तोंडावर वाचून दाखवत. मग महिनाभर आमच्याकडे कुणी चहाला फिरकत नसे आणि आई वैतागायची. पुढे २००८ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी अभियंत्याच्या खटल्यात निकाल दिला, की गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद, चांगली असो की वाईट, त्या सेवकाला कळवली पाहिजे. वडिलांना ते कोर्टाने सांगावं लागलं नव्हतं. आणि मला मात्र घरात उदाहरण असून सुचलं नाही!

इथे एम.एस. करताना एका वर्गात मेरी पार्कर फॉलेट (१८६८-१९३३) यांच्याबद्दल वाचलं होतं. शाळांच्या इमारती संध्याकाळी वस्तीतल्या लोकांसाठी उघड्या ठेवाव्यात म्हणून या बाईंनी बॉस्टनमध्ये खटपट केली. परक्या शाळेच्या फळ्यावर आमची मुलं 'ळ' काढतात तेव्हा मला त्यांची आठवण होते. मतभेदांवरच्या १९२५ सालच्या एका व्याख्यानात त्यांनी हार्वर्डच्या ग्रंथालयातली गोष्ट सांगितली आहे. खोलीतल्या दुसऱ्या वाचकाला खिडकी उघडी हवी होती, यांना बंद. शेवटी दोघांनी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. त्याला मोकळी हवा हवी होती, यांना अंगावर वारा नको होता, दोघांचंही भागलं. तेव्हा मला ती नुसती चतुराई वाटली होती. आता वाटतं, दोघं एका खोलीत होते आणि एकमेकांशी बोलले, म्हणून ती खिडकी सापडली. मी दोघींना वेगवेगळं गाठून खुर्च्या तेवढ्या हलवल्या.

अर्थात सगळंच उघड करावं असं नाही. मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल, कुणी कुणाला धाक घालत असेल, तर सांगणाऱ्याचं नाव झाकणं हेच कर्तव्य. दुबळ्याला समोरासमोर उभं करणं म्हणजे त्याला पुन्हा मार खायला लावणं. पण आमच्याकडच्या बहुतेक तक्रारी त्या जातीच्या नसतात. झेरॉक्स कुणी काढायच्या, स्नेहसंमेलनात कुणाचा वर्ग आधी, असल्याच जास्त.

हल्ली फोन आला की मी आधीच विचारतो, "हे त्यांना तुमच्या नावाने सांगू ना?" पुष्कळदा बोलणं तिथेच थांबतं. माझ्या बायकोचं म्हणणं, त्यामुळे शाळेत काय चाललंय ते मला सगळ्यांत शेवटी कळतं. खरं आहे ते.

वर्षभराने मी ताईला बाईंच्या वहीबद्दल सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुम्ही मला तरी तेव्हाच सांगायचं होतंत." बाईंचा नंबर तिने माझ्याकडून घेतला. फोन केला का, ते मी विचारलेलं नाही.