कच्च्या सुरांवर हक्क कुणाचा?

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत धान निघालं की नाटकांचा हंगाम सुरू होतो. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटांच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, निमित्ताने गावोगावी मंडप पडतात, रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. इथला रसिक तेच नाटक दुसऱ्या गावी पुन्हा पाहायला जातो आणि त्याला तो वेळेचा अपव्यय वाटत नाही. मागच्या गावात विनोदी प्रवेश लांबला होता, इथे तो आवरता घेतला. तिथे गाण्याला वन्स मोर मिळाला, इथे तेच गाणं वेगळ्या लयीत आलं. अशा तुलनेवर सकाळी चहाच्या टपरीवर वाद होतात. कोणता प्रयोग अस्सल, हा प्रश्न त्या वादात नसतो. कुठे काय बदललं आणि का बदललं, एवढंच तिथे बोललं जातं.

जगभरच्या पॉप संगीताचे चाहते आज नेमका हाच वाद घालत आहेत. फरक इतकाच की त्यांचा वाद अस्सल काय या प्रश्नावरच अडतो. नामांकित बँडची जुनी, कच्ची ध्वनिमुद्रणं, म्हणजे ज्यांना डेमो म्हणतात ती, एकामागून एक प्रसिद्ध होत आहेत. चाहते ती तहानेल्यासारखी ऐकतात. कुणी म्हणतं, पहिलंच रूप खरं होतं, स्टुडिओने ते बिघडवलं. कुणी म्हणतं, कलावंताने बाजूला ठेवलेलं बाहेर काढणं हा त्याच्यावर अन्याय आहे. माझ्या मते या दोन्ही बाजू अर्धवट आहेत, आणि हे समजून घ्यायला झाडीपट्टीचा अनुभव फार उपयोगी पडतो.

सगळ्यांच्या परिचयाचं उदाहरण बीटल्सचं आहे. १९६८ च्या सुरुवातीला हे चौघे ऋषिकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात राहिले आणि तिथे त्यांनी भराभर गाणी रचली. परतल्यावर त्याच वर्षी मे महिन्यात इंग्लंडमधल्या ईशर इथे, जॉर्ज हॅरिसनच्या घरी जमून त्यांनी ती गाणी साध्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतली. ‘व्हाइट अल्बम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तबकडीचा हा खर्डा. त्यातली २७ मुद्रणं २०१८ मध्ये, त्या अल्बमच्या पन्नासाव्या वर्षी, अधिकृतपणे एकत्र प्रसिद्ध झाली. तोवर ती बहुतांशी चोरट्या प्रतींतून चाहत्यांमध्ये फिरत होती.

त्या मुद्रणांत जॉन लेननचं ‘चाइल्ड ऑफ नेचर’ नावाचं एक गाणं आहे. ऋषिकेशच्या निसर्गात सुचलेलं हे गाणं अल्बममध्ये आलंच नाही. पण त्याची चाल लेननने टाकून दिली नाही. १९७१ मध्ये ‘इमॅजिन’ या अल्बममध्ये तीच चाल नवे शब्द घेऊन ‘जेलस गाय’ म्हणून आली. निसर्गाचं गाणं मत्सराच्या कबुलीचं गाणं झालं. दोन्ही रूपं लागोपाठ ऐकणाऱ्याला कळतं की चालीत एक हुरहुर आधीपासून होती आणि तिला शोभणारा विषय तीन वर्षांनी सापडला. ही गोष्ट कोणत्याही मुलाखतीतून इतकी स्पष्ट कळली नसती. कच्च्या मुद्रणाची खरी किंमत इथे आहे. कलावंत काय नाकारतो, काय राखून ठेवतो आणि कशाची वाट पाहतो, ते त्यातून ऐकू येतं.

पण यावरून ‘पहिलं तेच खरं’ असं ठरवणं चूक आहे. कच्चेपणा म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे. निवड करणं, खोडणं, पुन्हा बांधणं ही कलेचीच कामं आहेत आणि त्यांत कलावंताचं मन पहिल्या सुचण्याइतकंच गुंतलेलं असतं. खर्ड्याला पूर्ण कृतीपेक्षा वरचं आसन देणारा चाहता कलावंताच्या कष्टांचा अर्धा भाग पुसून टाकतो. याउलट, ‘शेवटचं रूपच ऐकावं, बाकीचं झाकून ठेवावं’ म्हणणारा दुसरा अर्धा भाग पुसतो. कच्चं जरूर ऐकावं, पण कच्चं म्हणूनच ऐकावं.

एकच एक शेवटचं रूप असतं ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नाही. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण झालं आणि भारतीय संगीत तबकडीवर आलं. त्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांचं पद वन्स मोरच्या आग्रहाने लांबत जाई, दर प्रयोगाला नव्या जागा घेई. तबकडीवर मात्र त्याला तीन मिनिटांत बसावं लागलं. घरी फोनोला चावी देऊन ऐकणाऱ्या पिढीसाठी ते तीन मिनिटांचं रूपच ‘ते पद’ झालं. ध्वनिमुद्रणाने आपल्याला मोलाचा ठेवा दिला, यात शंका नाही. त्याबरोबर गाण्याचं एक रूप कायम आणि बाकीची क्षणिक, अशी उतरंडही त्यानेच आपल्या कानांत तयार केली. आज डेमो ऐकून चाहते चकित होतात, कारण त्या उतरंडीला तडा जातो.

झाडीपट्टीत ती उतरंड कधी रुजलीच नाही. दंडार आणि खडी गंमत या जुन्या प्रकारांतून इथली रंगभूमी वाढली. हे दोन्ही प्रकार समोरच्या माणसांकडे पाहून खुलणारे, हजरजबाबीपणावर उभे राहणारे. दक्षिण गडचिरोलीच्या माडिया गावांत रेला गीतं म्हटली जातात, तिथेही नाचणाऱ्यांच्या रांगेतून नवी ओळ येते आणि बाकीचे ती उचलतात. अशा गाण्याचा डेमो कोणता आणि शेवटचं रूप कोणतं, हा प्रश्नच लागू होत नाही. आज देसाईगंज म्हणजे वडसा हे नाट्यकंपन्यांचं मुख्य ठाणं आहे. तिथून संच निघतात, गावोगावच्या मंडळांशी तारखा ठरतात. तालमींना मिळालेले दिवस संपले तरी नाटकाची घडण संपत नाही. ती पहिल्या काही रात्रींत लोकांसमोरच पुढे चालते. टाळी कुठे पडली, कुठे चुळबुळ झाली, कोणतं गाणं पुन्हा मागितलं गेलं, हे पाहून नाटक बदलतं. प्रॉम्प्टरच्या हातातल्या संहितेवर या बदलांच्या खुणा उमटत जातात. इथे प्रेक्षक पूर्ण झालेली कृती विकत घेत नाही. कृती पूर्ण करण्यात त्याचाही हात असतो.

म्हणूनच मोबाइलने इथे आणलेला पेच बीटल्सच्या चाहत्यांसमोरच्या पेचापेक्षा उलटा आहे. तिथे ठरून गेलेल्या रूपामागचा खर्डा बाहेर येतो. इथे सतत बदलणाऱ्या नाटकाची एक रात्र कुणीतरी टिपतो, यूट्यूबवर चढवतो आणि ती रात्र कायमची होऊन बसते. त्या रात्री नटाचा घसा बसलेला असेल, पाहुणी नटी पहिल्यांदाच उभी राहिली असेल, नाटक हंगामाच्या सुरुवातीचं असेल. दूर पुण्या-मुंबईत बसलेला माणूस तेवढंच पाहून ‘झाडीपट्टी म्हणजे हे’ असा निकाल देतो. ज्याने एकच रात्र पाहिली त्याच्याजवळ तुलना नसते आणि तुलनेशिवाय खर्ड्याचं मोल कळत नाही.

इथे हक्काचा प्रश्न येतो. आपल्या देशात हा केवळ शिष्टाचाराचा मुद्दा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ आणि २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्त्यांनी सादरकर्त्यांचे हक्क बळकट केले. आपल्या सादरीकरणाचं ध्वनिमुद्रण किंवा चित्रण करू द्यायचं की नाही आणि ते लोकांपर्यंत पोहोचवू द्यायचं की नाही, हे ठरवण्याचा हक्क नट, गायक, वादक, नर्तक या सगळ्यांना आहे. हा हक्क ५० वर्षं टिकतो. आपलं सादरीकरण मोडतोड करून मांडलं जाऊन प्रतिष्ठेला धक्का बसत असेल, तर हरकत घेण्याचा नैतिक हक्कही त्यांना आहे. कुरखेडा तालुक्यातल्या शेतकरी नटालाही हाच कायदा लागू होतो आणि लंडनच्या बँडचे वकील त्यांच्या देशात ज्या तत्त्वासाठी भांडतात, तेच तत्त्व त्यात आहे. फरक इतकाच की इथल्या नटाजवळ वकील नसतो. म्हणून इथे चाहत्याची जबाबदारी मोठी आहे. विचारल्याशिवाय चित्रित करू नये. केलंच तर नाटक, लेखक, संच, गाव आणि तारीख यांची नोंद त्यासोबत असावी.

कलावंत हयात नसेल तर पेच आणखी अवघड होतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘नाऊ अँड देन’ हे बीटल्सचं शेवटचं म्हणून गाणं आलं. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात लेननने घरी कॅसेटवर म्हटलेला एक खर्डा त्याच्या मुळाशी होता. संगणकाच्या साहाय्याने त्याचा आवाज पियानोपासून वेगळा केला गेला आणि उरलेल्या साथीदारांनी गाणं पूर्ण केलं. ते ऐकून असंख्य चाहत्यांचे डोळे भरून आले आणि त्या भावनेचा मी आदर करतो. पण खर्डा खर्डा म्हणून देणं आणि खर्ड्यावरून पूर्ण कृती उभी करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत कलावंताची अपूर्णता जपली जाते. दुसरीत त्याने न घेतलेले निर्णय त्याच्या नावावर जमा होतात. पहिली मला अधिक प्रामाणिक वाटते.

परंतु झाडीपट्टीची सगळ्यात मोठी अडचण वेगळीच आहे. जपायला हवं होतं ते पुरेसं जपलंच गेलं नाही. झाडीपट्टीचे नट डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या नावावर ५,००० हून अधिक प्रयोग सांगितले जातात. त्यांच्या उमेदीच्या काळातला आवाज, त्यांचं विनोदाचं टायमिंग घडत असतानाच्या रात्री, आज कुणाला आणि कुठे ऐकता येतील? प्रयोगावर जगणारी कला निमित्तावर अवलंबून असते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या आणि त्या २०२१ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाल्या. त्या काळात शंकरपटांच्या निमित्ताने होणाऱ्या नाटकांचा आधार हलला. त्यातच कोरोनाने हंगाम बुडवला. निमित्त तुटतं तेव्हा कलेजवळ फक्त आठवण उरते, आणि आठवण सांगणारी माणसंही वयानुसार कमी होत जातात.

जपण्याचं हे काम अशक्य नाही, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयट्वाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९० च्या दशकात त्यांतल्या अनेक ओव्या बायकांच्या स्वतःच्या आवाजात मुद्रित झाल्या. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाने त्या लोकांसमोर आणायला सुरुवात केली. ओव्यांसोबत गाणारीचं नाव, गाव आणि तिची हकिकत दिली, आणि पुन्हा त्या गावांत जाऊन गाणाऱ्या बायकांना भेटून नवं चित्रणही केलं. कच्चं, घरगुती, मध्ये श्वास लागलेलं गाणं कसं मांडावं, याचा तो आदर्श आहे. गाणारीला तिथे नाव आहे आणि आपल्या गाण्याविषयी बोलायला जागा आहे.

हीच वाट झाडीपट्टीने धरावी. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. अशा संग्रहाची जागा तिथेच असायला हवी. संच बंद पडल्यावर ट्रंकेत राहिलेल्या संहिता, प्रॉम्प्टरच्या खाडाखोड केलेल्या वह्या, जुन्या कॅसेट, जाहिरातींचे कागद, तालमीत गाताना कुणी सहज टिपलेली चाल, हे सगळं कलावंतांच्या किंवा त्यांच्या वारसांच्या लेखी संमतीने तिथे यावं. कोणती वस्तू लगेच खुली करायची, कोणती काही वर्षं बंद ठेवायची, हे त्यांनी ठरवावं. एकाच नाटकाचे तीन-चार गावांतले प्रयोग मुद्दाम टिपून शेजारी-शेजारी ठेवावेत, म्हणजे पुढच्या पिढीला एक रात्र नव्हे तर नाटकाची घडण पाहायला मिळेल. यातून मिळकत झाली तर तिचा वाटा संचाला मिळावा.

आणि ज्यांच्या घरी अशी एखादी कॅसेट किंवा वही असेल त्यांना सांगणं एवढंच, की ती रद्दीत घालू नका. तिच्यावर नाटकाचं नाव, गाव आणि साल लिहा, ज्यांचा आवाज आहे त्यांना किंवा त्यांच्या मुलांना विचारा, आणि या हंगामात त्यांचं नाटक लागलं तर तिकीट काढून पाहायला जा.