खोळंबा

डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं आणि कापसाच्या भावावर ठरलेली भाषणं होतात. मग वाहिन्यांवर चर्चा रंगते. त्यात एखादे जाणकार समजुतीच्या सुरात सांगतात की शेतकऱ्याच्या घरच्या माणसांचे श्रम आता उत्पादनखर्चात धरलेले आहेत, तेव्हा ती तक्रार जुनी झाली. 2025 साली हे मी देवळी तालुक्यात, भावाच्या घरी, कापसाच्या ढिगाला टेकून ऐकलं. टीव्ही समोरच्या खोलीत आणि कापूसही समोरच्याच खोलीत, त्यामुळे टेकायला दुसरं काही नव्हतं.

शेतकरी आत्महत्यांमुळे 2006 मध्ये पंतप्रधानांचं पॅकेज आलं आणि विदर्भातल्या सहा जिल्ह्यांच्या यादीत वर्धा बसला. तेव्हापासून इथल्या शेतकरी कुटुंबाबद्दल बोलायच्या दोनच रीती उरल्या आहेत. एक आत्महत्येची. दुसरी हुरड्याची, म्हणजे नाताळच्या सुटीत पुण्याहून आलेल्या नातेवाइकांनी वावरात काढलेल्या फोटोंची. दुसरीबद्दल बोलण्यात अर्थ नाही. पहिलीबद्दल बोलून बोलून शब्द बोथट झाले आहेत. त्या जाणकारांचं म्हणणं मात्र सोडून देता येत नाही, कारण ते खोटं नाही.

कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या हिशेबात ‘ए-2’ म्हणजे बियाणं, खत, औषध, मजुरी असा खिशातून गेलेला खर्च. त्यात ‘एफएल’ मिळवायचा, म्हणजे घरच्यांनी केलेल्या कामाचे तास काढून त्यांना मजुरीचा दर लावायचा. जमिनीचा खंड आणि भांडवलाचं व्याज धरलं की ‘सी-2’. स्वामिनाथन आयोगाच्या दीडपट हमीभावाचं गणित यातल्या कोणत्या आकड्यावर मांडायचं हा वाद जुना आहे. 2018-19 च्या अर्थसंकल्पापासून सरकारने ‘ए-2 अधिक एफएल’वर बोट ठेवलं. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे 8110 रुपये हमीभाव जाहीर झाला, तो याच गणितातून. ‘सी-2’वाल्यांची बाजू मला जास्त न्याय्य वाटते. पण घरच्या माणसाची किंमत कामाच्या तासांनीच करायची, याबद्दल दोन्ही बाजूंचं एकमत आहे. माझा आक्षेप तिथेच आहे.

मार्गशीर्षातला एक दिवस घ्या. वेचणीच्या बाया लवकर येतात. त्यांना किलोवर पैसे, आणि दव पडलेला कापूस जड भरतो. ओला कापूस घरात आणला की ढीग तापतो, म्हणून दव उतरेपर्यंत पऱ्हाटीला कुणी हात लावू नये हे पाहायला वहिनी आठ वाजल्यापासून धुऱ्यावर उभी. त्या वेळात ती काय काम करते? काहीच नाही. उभी असते. बायांशी बोलते, तुरीच्या शेंगा तोडून पदरात टाकते. घरी जाऊ शकत नाही आणि वेचूही शकत नाही. रात्री दादाची पाळी. या आठवड्यात विजेची लाईन रात्री दहाची आहे आणि हरभऱ्याला ओलीत द्यायचंय. लाईन येते, पाऊण तासाने डीपीवरून जाते, परत कधी येईल ते कुणी सांगत नाही. तो मोटारीच्या खोलीशी पऱ्हाट्या पेटवून बसतो. आता रात्रभर बसायचंच आहे, तर रोही आणि रानडुकरं हाकलायची जागलही त्याच्याकडेच. घरात वहिनी मोबाइल उशाशी घेऊन पडते. ती झोप म्हणायची का, हे तिलाच विचारा.

आयोगाच्या तक्त्यात या दिवसाचे दादाचे दोन तास येतील, वहिनीचा बहुधा एकही नाही.

राबणं वेगळं आणि खोळंबणं वेगळं, एवढंच मला म्हणायचं आहे. राबण्याला सुरुवात असते, शेवट असतो, म्हणून त्याला दर लावता येतो. निंदण, डवरण, फवारणी, वेचणी ही सगळी राबणूक. खोळंब्यात हात रिकामे असतात, पण माणूस मोकळा नसतो. दव उतरायचं, लाईन यायची, भाव चढायचा, खरेदी केंद्राचा नंबर लागायचा. नाताळाआधीच्या या तीन-चार आठवड्यांत शेतकऱ्याचं घर राबतं त्याहून जास्त खोळंबतं.

यावर ठरलेलं उत्तर असं, की चौकीदारालाही वाट पाहण्याचाच पगार मिळतो, मग खोळंब्यालाही दर लावू. हे वरवर बिनतोड दिसतं. पण चौकीदाराची पाळी सहाला सुटते, आणि तो दारात बसलेला असताना त्याच्या घरात कुणी कान टवकारून पडलेलं नसतं. त्याने वेळ विकलेला असतो. दादाने काही विकलेलं नाही, त्याच्या वेळेला गिऱ्हाईकच नाही, नुसता धनी आहे आणि तो धनीही कोण हे ठाऊक नाही. मग व्याजाचा मुद्दा निघतो. पीक उभं असेपर्यंत अडकलेल्या पैशावरचं व्याज हिशेबात धरतात हे खरं. म्हणजे थांबलेल्या पैशाला मोल आहे आणि थांबलेल्या माणसाला नाही. काही जण पुढे जाऊन ‘सी-3’ सांगतात, त्यात व्यवस्थापनाचे 10 टक्के असतात. व्यवस्थापन! धुऱ्यावर उभ्या असलेल्या बाईला व्यवस्थापक म्हटलं की काम भागलं. व्यवस्थापक ठरवतो. वहिनी दव ठरवत नाही, लाईन ठरवत नाही, आणि खरं सांगायचं तर कापूस कधी विकायचा हेही तिला विचारून ठरत नाही.

वेचणीच्या यंत्राने हे सुटेल म्हणणाऱ्यांनी एकदा पाच एकर कोरडवाहूत ते यंत्र वळवून दाखवावं.

घरच्या माणसाच्या मोलाचा वेगळा विचारही इकडेच झाला होता. देवळीहून तासाभराच्या आत वर्ध्याला मगनवाडी आहे. 1934 च्या डिसेंबरात स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचं काम गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी तिथून चालवलं. सेवेच्या अर्थव्यवस्थेला त्यांनी सर्वांत वरची पायरी दिली आणि उदाहरण घेतलं आईचं. मोबदला न मागता झिजणारी आई. तासांच्या पलीकडचं काही त्यांना दिसलं होतं, एवढं श्रेय द्यायलाच हवं. पण आईला शिखरावर बसवलं की तिला खाली उतरून घटकाभर टेकायची सोय राहत नाही. कुमारप्पा ख्रिस्ती होते. नाताळाआधीच्या चार रविवारांना ख्रिस्ती लोक आगमनकाळ म्हणतात, म्हणजे तोही वाट पाहण्याचाच काळ. पण त्याला 25 तारीख आहे. मुलं दिवस मोजतात, घर सजतं, आणि ज्याची वाट पाहिली तो त्या रात्री येतोच. तारीख असली की वाट पाहण्याचा सण होतो. कापसाच्या घरात तारखा येतात त्या अशा: 2025 मध्ये आयातीवरचं 11 टक्के शुल्क आधी सप्टेंबरअखेरपर्यंत माफ झालं, मग 31 डिसेंबरपर्यंत. म्हणजे एकतीस तारखेनंतर भाव सुधारेल असं धरून कापूस घरात ठेवायचा. आणि बोंडअळीची साखळी तोडायला फरदडीचं लांबवलेलं पीक घेऊ नका, डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा, हा कृषी खात्याचा सल्लाही त्याच तारखेचा. सल्ला बरोबर आहे, 2017 ची गुलाबी बोंडअळी इकडे कुणी विसरलेलं नाही. पण बोंडं अजून उमलताहेत.

म्हणून खोळंब्याला आणखी एक इंग्रजी अक्षर देऊन त्याचा दर काढा, असं मी म्हणत नाही. तो दर प्रामाणिकपणे काढला तर वर्ध्याच्या कोरडवाहू जमिनीत कापूस परवडणारच नाही. मला वाटतं, तो न मोजण्याचं हेच कारण आहे. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी भाव मागायला शिकवलं आणि ते शिकवायला हवंच होतं. पण भावाच्या मागणीत तारखेची मागणी फारशी आली नाही. दिवसाच्या विजेला आपण ‘सोय’ म्हणतो. ती दिली की एका माणसाची रात्र परत मिळते, आणि उशाशी मोबाइल घेऊन पडलेल्या दुसऱ्या माणसाचीही. खरेदी केंद्राने सांगितलेल्या दिवशीच गाडी रिकामी केली, तर क्विंटलमागे एक रुपया न वाढवताही घराची समोरची खोली परत मिळते.

आमच्याकडे ती अजून मिळालेली नाही. परवा दादा नमुना घेऊन एका केंद्रावर गेला. ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, 12 पर्यंत कपात, त्यावर परत. याचा 13 भरला. तेव्हापासून पोरगी ढिगाच्या कडेला बसून अभ्यास करते आणि मधूनमधून हात खाजवते, साठवलेल्या कापसाची खाज. वहिनी सकाळ-संध्याकाळ बाही वर सारून खांद्यापर्यंत हात ढिगात घालते. वरून कापूस कोरडा लागतो, खरं ते आत कळतं.

टीव्ही चालू असतानाच पुण्याहून पुतण्याचा फोन आला. चोवीसला निघतो, पोरांना हुरडा खायचाय, चार दिवस राहू. वहिनीचा एक हात ढिगातच होता. “याजो नं,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “झोपाले जागा झाली का सांगतो तुले.”