कोयत्याची परीक्षा

माउली, एक साधा प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो. हाती नवे धारदार हत्यार आले, तर त्याची परीक्षा कशावर पाहावी? प्रश्न लोहाराचा वाटेल, शेतकऱ्याचा वाटेल. कीर्तनकाराने तो का विचारावा, असेही कोणी म्हणेल. पण थोडे थांबा. गेल्या भाद्रपदात हा प्रश्न मला आमच्या परसात पडला, आणि उत्तर शोधता शोधता मी चाळीस वर्षे मागे जाऊन पोहोचलो.

मी गोराईला राहतो. बोरिवलीकडून आलात तर जेट्टीवर होडीत बसून खाडी ओलांडावी लागते. रस्त्याने यायचे तर भाईंदर-उत्तनवरून मोठा वळसा आहे. खाडीच्या काठाला तिवरांची दाटी, पलीकडे समुद्र, आणि मध्ये नारळी-ताडांत लपलेली घरे. शेजार बहुतेक कोळ्यांचा आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती मंडळींचा. गळ्यातली माळ पाहून सगळे मला 'बुवा' म्हणतात. गुडघ्यांनी जबाब दिला तेव्हापासून कीर्तनाला उभे राहणे बंद झाले. आता पोथी, हरिपाठ आणि परसातली झाडे एवढाच माझा फड.

आषाढीहून परतताना वाटेत एका लोहाराच्या भात्यापाशी मी एक मोठा कोयता घेतला. ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून घडवलेला, चौदा इंचांचे पाते, पाठ जाड, टोकाकडे वजन, मूठ बाभळीची. लोहार म्हणाला, "महाराज, पाणी नीट दिलंय. दगडावर तेवढं मारू नका." पाणी देणे म्हणजे तापलेले पाते पाण्यात बुडवून धार कठीण करणे. ते कमी पडले तर धार वळते, जास्त झाले तर धारेला दात पडतात. विकत घेताना यातले काही डोळ्यांना दिसत नाही. मूठ सैल असेल तर भर घावात पाते निसटून कोणाच्या अंगावर जाईल, याचा नेम नाही. तेव्हा परीक्षा पाहणे यात दोष नाही. ज्याने हत्यार हाती घेतले त्याचे ते कर्तव्यच आहे. माझा प्रश्न त्यापुढचा आहे: परीक्षा कशावर, आणि कुठवर?

पाऊस ओसरल्यावर एका सकाळी मी परसात उतरलो. शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा मदतीला आला. आधी मूठ आवळून, झटकून पाहिली. पाते हलले नाही. मग कुंपणावर माजलेली घाणेरी आणि रानवेल छाटले. कोवळ्या वेलीला जड कोयत्याचा उपयोग कमी. वेल पात्यापुढे नुसती वाकते, तिथे विळाच बरा. नंतर वाळलेल्या झावळ्या घेतल्या. झावळीचा देठ जाड आणि चिवट असतो. तिरका घाव घातला की एका फटक्यात दोन तुकडे. सरळ, आडवा घाव घातला की पाते रुतून बसते. जोर खांद्याने लावायचा नाही, पात्याच्या वजनाला पडू द्यायचे आणि मनगटाने फक्त दिशा द्यायची, हे दहा-पंधरा झावळ्यांनी मला शिकवले.

मग खरी कसोटी. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ मुंबईच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा आमच्या मागचे सुरूचे झाड पडले होते. त्याचा ओंडका पडवीत ठेवून ठेवून हाडासारखा झाला आहे. त्यावर पहिला घाव घातला आणि कोयता उसळून मागे आला. हाताला कोपरापर्यंत झिणझिण्या. दोन्ही बाजूंनी तिरके घाव घालत खाच पाडली तेव्हा कुठे ढलप्या उडू लागल्या. गाठ आली तिथे तर घाव मोजूनही संपेनात. वितभर जाडीचा ओंडका तुटायला अर्धा तास लागला. पण नंतर अंगठा आडवा फिरवून धार पाहिली, तर एकही दात पडला नव्हता, धार वळली नव्हती, मूठ जागची हलली नव्हती. परीक्षा इथे संपली होती. कोयता उत्तीर्ण झाला होता.

मुलगा म्हणाला, "बुवा, ओल्या लाकडावर मारून बघा ना! खाडीवर तिवरं आहेत." मी त्याला दटावले. २००५ साली उच्च न्यायालयाने तिवरांच्या तोडीला बंदी घातली, हे आमच्या गावात पोराटोरांना ठाऊक आहे, आणि समुद्र अंगावर येतो तेव्हा आधी तीच उभी असतात, हेही. तिवर वाचले. पण हात थांबला नव्हता. पाच पावलांवर आंबा होता. त्याची एक फांदी, मनगटाहून जाड, कोणाच्या वाटेत न येणारी, कोणाला न टोचणारी. मी काही ठरवले नाही. कोयता उचलला आणि एका घावात फांदी खाली. ओले लाकूड, लोण्यासारखे तुटले. मुलगा म्हणाला, "वा बुवा!" आणि खरे सांगतो, मला फार बरे वाटले.

चीक वाहत होता तेवढ्यात सूनबाई बाहेर आली. म्हणाली, "बाबा, ही फांदी का तोडली?" मी म्हणालो, "कीड लागली होती."

माउली, पन्नास वर्षे मी व्यासपीठावरून सत्य वाचेचा महिमा सांगितला. आणि एका फांदीसाठी, घरच्या सुनेपुढे, विचार करायला निमिषही न घेता मी खोटे बोललो. आधी हात घसरला आणि त्याला झाकायला जीभ धावली. ती रात्र मला झोप लागली नाही. तेव्हा जी आठवण आली ती सांगायची म्हणून हा सगळा पसारा मांडला आहे.

तेव्हा मी पस्तिशीचा असेन. नाव होऊ लागले होते. पौष महिन्यात एका साखर कारखान्याच्या गावी हरिनाम सप्ताहात माझे कीर्तन होते. मंडप भरलेला. निरूपण रंगात आले आणि समोर तिसऱ्या ओळीत एक माणूस बसल्या बसल्या पेंगताना दिसला. मान छातीवर, तोंड उघडे. मी टाळकऱ्यांना थांबवले आणि त्याच्याकडे हात करून म्हणालो, "अहो, या पाहुण्यांना पंढरपूर नको, उशी द्या!" मंडप हसून हसून लोटपोट झाला. तो दचकून उठला, चार बाजूंना पाहिले, फोटोतल्या पांडुरंगाला हात जोडले आणि अंधारात निघून गेला. मी पुढे गायलो. त्या रात्री कीर्तन फार वठले, असे सगळे म्हणाले.

नंतर विणेकरी मला बाजूला घेऊन म्हणाले, "बुवा, तो तोडीवरचा होता. पहाटे चारला फडात गेला, गाडी भरून दिली, आणि तसाच तीन कोस चालत तुम्हाला ऐकायला आला." सकाळी मी त्यांच्या खोप्यांकडे गेलो. टोळी दुसऱ्या फडावर हलली होती. त्या माणसाचे नावही मला कळले नाही.

तुमच्यापैकी बीडकडच्या मंडळींना हे सांगायला नको. दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे घराला कुलूप लावून ऊस तोडायला निघतात. मुकादम उचल देतो ती नवरा-बायको मिळून, आणि त्या जोडप्याला म्हणतात 'एक कोयता'. एकटा माणूस म्हणजे 'अर्धा कोयता'. दुखणे आले, दिवस बुडाला, तर तो 'खाडा', आणि खाड्याचा दंड. जगाने ज्याला माणूस न म्हणता अर्धा कोयता म्हटले, तो एक रात्र माणूस म्हणून देवाच्या दारी येऊन बसला होता. त्याच्यावर मी माझ्या जिभेची धार पाहिली.

आता आंब्याची फांदी आणि तो माणूस यांत साम्य काय, ते पाहा. दोन्ही वेळा कापण्याची गरज नव्हती. दोन्ही वेळा परीक्षा आधीच झालेली होती. कोयता सुरूवर खरा ठरला होता, माझे कीर्तन रंगलेच होते. आणि दोन्ही वेळा समोरचे मऊ होते. ओले लाकूड कोयत्याची खोटी स्तुती करते. बोथट पातेही त्यात उतरते आणि धरणाऱ्याला वाटते, काय हा माझा हात! खरी साक्ष वाळलेला, गाठीचा ओंडका देतो. तसेच दमलेला माणूस, गरीब माणूस, उलट उत्तर न देणारा माणूस, घरातले लेकरू, यांच्यावर आपली जीभ चालली, तर त्यातून जिभेच्या धारेविषयी काही कळत नाही. एवढेच कळते की समोरचा सोसणारा होता.

कोणी म्हणेल, "बुवा, एका फांदीचे किती करता! भाजी नाही का आपण रोज चिरत?" शंका रास्त आहे. कापणे हेच पाप असते, तर अरणच्या सावतोबांचा मळा पिकलाच नसता. भाजी खुडताना, रान खुरपताना त्यांना तिथेच विठाई दिसली. ते कापणे पोटासाठी, मळ्यासाठी, गावासाठी होते. माझी फांदी फक्त माझ्या 'वा'साठी पडली. फरक धारेत नाही, हेतूत आहे. आणि फांदी पुन्हा फुटेल, हेही खरे. पण त्या तोडण्याने मला खोटे बोलायला लावले, ते काही झाडाला फुटवा आल्याने भरून येत नाही.

दुसरी शंका याहून कठीण आहे. परीक्षा तर संतांनीही घेतली. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतमंडळींच्या डोक्यावर मारून पाहिले आणि नामदेवरायांना कच्चे मडके ठरवले. मग माझ्या हातून वेगळे काय घडले? मी यावर बरेच दिवस विचार केला. काकांनी थापटणे सर्वांवर सारखे चालवले. दुबळा पाहून एकाला निवडले नाही. कुंभार मडके वाजवतो ते फोडण्यासाठी नव्हे, त्यात पाणी टिकेल की नाही हे कळावे म्हणून. आणि त्या परीक्षेचा शेवट हसण्यात झाला नाही. नामदेवराय औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांच्या पायांशी पोहोचले आणि पक्के झाले. ज्या परीक्षेने समोरच्याचे भले होते ती गुरूची परीक्षा. ज्या परीक्षेने फक्त परीक्षकाचा मान वाढतो, तो घावच.

ज्ञानोबारायांनी तर ही हत्याराची विद्या पंधराव्या अध्यायात सांगूनच ठेवली आहे. भगवंतांनी संसाराला वर मुळे आणि खाली फांद्या असलेला अश्वत्थ म्हटले आणि तो तोडायला असंगाचे शस्त्र दिले. माउली त्या शस्त्राविषयी बोलतात ते हत्यार हाताळलेल्या माणसासारखे: अंगी वैराग्याचे बळ हवे, विवेकाच्या सहाणेवर धार लावलेली हवी, निश्चयाची मूठ एक-दोन वेळा पाहून घ्यावी, मग मननाने तोलावे, आणि निदिध्यासाने हत्यार व आपण एक झालो की घाव घालायला दुसरे काही उरतच नाही. मी हे किती वेळा निरूपणात सांगितले असेल! पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. परीक्षा सांगितली आहे ती मुठीची, म्हणजे धरणाऱ्याची. आणि तोडायचे झाड आपल्याच आत आहे. वाळलेला, गाठीचा, घाव उसळवून लावणारा ओंडका हवा असेल, तर अहंकारासारखा दुसरा नाही. विवेकाला खरी धार आहे की नाही, ते तिथे मारून पाहावे.

आणि बाराव्या अध्यायातले ते झाड आठवा, जे घाव घालणाऱ्याला आणि लावणी करणाऱ्याला सारखीच सावली देते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आंब्याखाली बसलो होतो. ऊन कडक होते. सावली माझ्यावर होती.

तिथेच सूनबाईला हाक मारली आणि सांगितले, "फांदीला कीड नव्हती. हातात कोयता होता म्हणून तोडली." ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला दिसलंच होतं, बाबा. कीड असती तर पानं तशी नसती." आणि चहा ठेवायला आत गेली. त्या माणसाला मात्र मी आज सांगू शकत नाही. म्हणून तुम्हाला सांगितले. तुमच्या गावच्या सप्ताहात तोडीवरचा कोणी पेंगताना दिसला, तर त्याच्या पाठीशी एक गोणपाट सरकवा. एवढे माझ्या वतीने करा.

खंडेनवमीला कोयत्याला हळदकुंकू वाहिले. आता तो पडवीत, लेकरांच्या हाती येणार नाही असा उंच टांगला आहे. झावळी पडली की खाली येतो, काम झाले की पुसून, तेलाचे बोट फिरवून वर जातो. जिभेला टांगायला खुंटी नाही. तिच्यासाठी नाम आहे.

राम कृष्ण हरी.