अपरिचित अभ्यागत आणि आपले अंतःकरण

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा हे गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी, आठवडे बाजाराच्या दिवशी, तेथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी आले. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा मोबाइलवरून आधीच पसरली होती. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत बेदम मारले. पाचही जण प्राणास मुकले.

येथे विचार करावा की, लेकरांच्या रक्षणाची इच्छा असता कृती हिंसेची का व्हावी? रक्षणच हवे असते, तर त्यांना बसवून पोलिसांची वाट पाहता आली असती. जेथे चौकशीच नकोशी होते, तेथे रक्षणाच्या इच्छेखाली दुसरी वासना दडलेली असते. साठलेला क्रोध पुण्याच्या नावाने ओतावा, धोका न पत्करता शूर ठरावे, अशी ती वासना होय. अपरिचित मनुष्य ती घेऊन येत नाही. त्याच्या येण्याने ती उघडी पडते.

आपल्या मार्गात अटन व भिक्षा हा आचारच आहे. परगावच्या वेशीत उभा राहिलेला आपला साधूही तेथे अपरिचितच असतो. म्हणून वासनिकांनी दारी आलेल्यास नाव-गाव विचारावे, पाणी द्यावे. शंका उरल्यास पोलिसांस कळवावे. हात मात्र उचलू नये. अहिंसेची खरी परीक्षा अनोळखी माणसापुढेच होते.